डोळे भरतात, काढत नाहीत

आधीच सांगतो, ती बाई वाईट नव्हती. घरात तिला सगळे डावरी म्हणत. ती सगळं डाव्या हातानं करायची, आणि सासूच्या मते जे करायची ते वाकडंच व्हायचं. "हिच्या हाताला वळणच नाही," हे ऐकण्यात तिची दहा वर्षं गेली. तिची बाजू घेणारी एकटी तिची सहा वर्षांची लेक.

एक दिवस नणंदेनं तिला ओढतच बाहुल्यांच्या कारखान्यात नेलं. लांबट खोली, कापसाचा आणि खळीचा वास, भिंतीशी बिनचेहऱ्याच्या बाहुल्या ओळीनं बसलेल्या. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तिचा टाका बोटानं चाचपला.

"डावीकडे झुकतो. असा दुसऱ्या कुणाचा येणार नाही. झुकू दे."

त्या दिवशी घरी जाऊन ती मोरीत नळ सोडून रडली. आनंदानंच हो!

बाईंचा नियम एकच. डोळे शेवटी, आणि डोळे 'भरायचे'. फुलं काढा, वेली काढा, पण डोळ्यांना तो शब्द लावायचा नाही. बाकीच्या बायका यावर हसायच्या. बाई हसत नसत.

तीन महिन्यांत तिचा हात असा बसला, की प्रदर्शनात मधोमध ठेवायची बाहुली बाईंनी तिलाच दिली. सासूसुद्धा म्हणाली, "बघू तरी काय करतेस." त्या दुपारी तिनं डाव्या डोळ्यासाठी सुईत दोरा ओवला. आनंद पोटात मावेना, तेव्हा मोठ्यानं बोलून गेली,

"बघा हं, हिला मी माझ्या लेकीचे डोळे काढते!"

खोलीतली मशीन थांबली. बाई तेवढ्या बाहेर गेल्या होत्या.

"अगं... जीभ चाव," शेजारीण पुटपुटली.

तिनं जीभ चावली, हसली, आणि डोळा पुरा केला. इतका ओला, इतका जिवंत डोळा त्या खोलीत कुणी पाहिला नव्हता.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती, डावा डोळा चोळत. "आई, या डोळ्यातला दिवा कुणी घालवला?"

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, यंत्रात पाहिलं. "डोळा ठणठणीत आहे. का दिसत नाही ते मला सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात धावली. बाहुली बाईंच्या मांडीवर ठेवून तिनं सगळं सांगितलं. "उसवू का?"

"उसवलं की दोरा निघतो, भोकं राहतात..." बाईंचा आवाज खाली गेला. "ती कुणाच्या डोळ्यात राहतील? हिला अशीच ठेव. दुसरा डोळा करू नकोस."

"पण प्रदर्शन..."

तोंडातून निघून गेलं खरं. बाईंनी बाहुली उचलून तिच्या हातात परत दिली, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

सुया, दोरे, बोटातलं अंगुस्तान, सगळं तिनं बाईंच्या पेटीत टाकलं. बाहुली घरी आणून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली नणंदेकडे दिली. मग लेकीला कुशीत घेऊन पडली. पण डोळे मिटले की बाहुलीच्या दुसऱ्या डोळ्याची ती रिकामी पांढरी जागा दिसायची. हात शिवशिवत होते.

सकाळी जाग आली तेव्हा बाहुली उशाशी होती.

दोन्ही डोळे उघडे. दुसरा पहिल्याहून सरस, बारीक, आणि टाके डावीकडे झुकलेले. तिच्या बोटात अंगुस्तान होतं.

खरं सांगू? आधी तिला अभिमान वाटला. क्षणभरच, पण वाटला.

मग खिडकीतलं ऊन थेट लेकीच्या तोंडावर आलं. लेक उठून बसली, डोळे टक्क उघडे ठेवून, आणि हातानं आईला चाचपत म्हणाली,

"आई... अजून उजाडलं नाही का गं?"