दोन मीटर दहा

बाळांनो, एक डोळा मिटा बरं. आता उघड्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर आपलं बोट धरा. बोटावरच्या रेषा दिसतात ना? आणि मागची खिडकी धुरकट. आता बोट न हलवता खिडकीकडे बघा... गेलं की नाही बोट विरघळून? दोन्ही एकदम लख्ख दिसत नाहीत. आपण ज्याच्याकडे बघतो, तेवढंच उजळतं.

कॅमेऱ्याचंही तसंच. फक्त त्याच्या लेन्सचं चाक फिरवून फोकस ठरवायला एक माणूस लागतो. योग्यकर्ता नावाच्या शहरात डिजिटल छायाचित्रणाची कार्यशाळा भरली होती, तिथं हे काम शिकायला आलेली वेनिंग नावाची एक पोर होती. बावीस वर्षांची, माझ्या वयाच्या माणसाला पोरच ती.

पहिल्याच दिवशी ती कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर सहज टेकली, तर पिवळ्या टेपचं टोक तिच्या गालापाशी आलं.

"हलू नका," टेपमागून आवाज आला. "तुमच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजतोय."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही उठला असतात... एक मीटर चाळीस. फार लांब बसता हो."

तो सेनो. कोटागेडे या चांदीकामाच्या पेठेतल्या कारागिराचा मुलगा. केसाएवढ्या जाडीची तार ओढणाऱ्या घरात वाढलेला. अंतर मोजावं तर त्यानंच. तो मोजायचा, लेन्सवरच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं खुणा करायचा. वेनिंग त्या खुणांवर चाक फिरवायची. आठ दिवसांत दोघं 'अहो'वरून 'अगं-अरे'वर आली. तिच्या आल्याच्या चहात साखर किती, हेसुद्धा आता तो न विचारता जाणायचा.

"उद्या बाजारात चित्रण आहे," तो एकदा म्हणाला. "माझ्याकडे बघत बसू नकोस."

"आरशात बघून आलायस का आज?"

बाजारातलं चित्रण साधं होतं. सिम्बाह सुमी, म्हणजे सुमी आजी, सत्तरीची पेचेलवाली, पानावर भाजी मांडून वर शेंगदाण्याचा रस्सा ओतते, मग मान वर करते. आधी फोकस तिच्या हातांवर. मान वर झाली की डोळ्यांवर. पहिली खूण एक मीटर ऐंशी, दुसरी दोन मीटर दहा. चित्रात तिच्या मागून जायला कुणी नव्हतं म्हणून गुरुजींनी, बापाक दर्सोनोंनी, सेनोलाच सायकल घेऊन पिटाळलं.

भर दुपारचं ऊन. कॅमेऱ्याच्या वहीएवढ्या पडद्यावर कुणाला धड काही दिसत नव्हतं. सिम्बाहनं मान वर केली, आणि नेमका तेव्हाच मागं सेनो हसला... वेनिंगकडे बघून. बोटांखाली चाक जरासं जास्त फिरलं, हे तिला कळलं. पण बापाक "छान!" म्हणाले, आणि ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या भिंतीएवढ्या पडद्यावर तेच चित्र लागलं. पान, भाजी, रश्शाचा थेंब, सगळं कसं हाताला लागेल असं. मग सिम्बाहनं मान वर केली, आणि तिचा चेहरा धुरकटच राहिला. मागं मात्र सेनो! पापणी न् पापणी मोजावी असा. सदऱ्याचं तुटलेलं बटण, ओठावरचा घाम, आणि ते हसू.

"अरे, पेचेल कोण विकतंय? सेनो?" कुणीतरी ओरडलं. सगळे खो-खो हसले.

"फोकस कुणाचा होता?" बापाकनी विचारलं.

वेनिंगचे कान तापले. खरं सांगायचं म्हणजे का चुकलं तेही सांगायचं. इतक्यांच्या देखत! "माझा... पण बापाक, खुणाच चुकल्या होत्या."

शब्द तोंडातून गेले. सेनो उठला. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "खुणा माझ्या होत्या. माझं चुकलं असेल, बापाक."

मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याशी होणाऱ्या चित्रपटावर कार्यशाळेतून एकालाच घेणार होते. सकाळपर्यंत ते नाव सेनोचं होतं. संध्याकाळी फळ्यावर वेनिंगचं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून जाताना ती थबकली. सिम्बाहच्या चौरंगासमोर सेनो गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याच्या जागी काढलेल्या खडूच्या फुलीपासून टेप ताणत होता.

"तिसऱ्यांदा मोजतोय हा," सिम्बाह म्हणाली. "माझं नाक वाढलंय का बघतोय जणू."

सेनो हसला नाही. "दोन मीटर दहाच येतंय, वेनिंग. मग पडद्यावर तसं कसं झालं? टेप सैल धरत असेन का गं मी? बाबा म्हणतात, हात एकदा बिघडला की कारागीर संपला."

आता सांग, आता... तिनं तोंड उघडलं. "सेनो, मी..."

"तुला उशीर होईल," तो म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला. तो तिच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो स्वतःच्याच हातांवर रागावला होता, आणि तिला वर बघवेना.

शेवटच्या दिवशी दुपारी तुम्पेंग आला, पिवळ्या भाताचा उंच शंकू, भोवती कोंबडी, अंडी, सोयाबीनच्या टेम्पेचे तुकडे. बापाकनी टोक कापलं, केळीच्या पानावर ठेवलं आणि वेनिंगच्या हातात दिलं. पहिला मान निवडलेल्याचा. टाळ्या झाल्या. सेनोसुद्धा टाळ्या वाजवत होता, दाराजवळ, सगळ्यांच्या मागं.

तिनं दाराकडे पाहिलं.

"बापाक, हा मान माझा नाही." आवाज इतका बारीक की टाळ्या थांबेपर्यंत कुणाला ऐकूच गेला नाही. ती पुन्हा बोलली. "खुणा बरोबर होत्या. दोन मीटर दहाच. मी चाक पुढं नेलं... कारण मी सिम्बाहकडे बघतच नव्हते."

"मग कुणाकडे?" मागून कुणीतरी विचारलं, आणि लगेच त्याचं त्यालाच कळलं. हसू फुटलं नाही.

बापाकनी चष्मा काढून पुसला. "जागा एकच आहे, पोरी."

"माहीत आहे."

ती गर्दीतून वाट काढत दारापाशी गेली आणि पान सेनोसमोर धरलं. त्यानं ते घेतलं नाही.

"तीन दिवस," तो हळू म्हणाला, "चांदीच्या तारेला हात लावला नाही मी. भीती वाटायची."

"माफ कर असं म्हणायलाही मला लाज वाटतेय."

"वाटू दे. थोडी वाटायलाच हवी." त्यानं श्वास सोडला. मग पान घेतलं, शेजारच्या टेबलावर ठेवलं, आणि खिशातून टेप काढून पिवळं टोक तिच्यासमोर धरलं. "डोळ्याला लाव. हात बिघडलाय का बघू दे."

तिनं ओल्या डोळ्यापाशी टोक धरलं. दुसरं टोक त्यानं आपल्या भुवईला लावलं.

"एक मीटर चाळीस," तो म्हणाला. "अजूनही लांबच."

आणि मग, बाळांनो, त्या पोरीनं टेपचं टोक सोडलं नाही. ते तसंच धरून, खाली मान न घालता, सगळ्यांच्या देखत ती एक पाऊल पुढं आली.