मला आत घे

आमची कंपनी भिंतींचे रंग बनवते आणि मी तिथल्या माणसांना संशयी बनवतो. मला पगार त्याचाच मिळतो. खोटे ईमेल कसे ओळखायचे, आलेच तर काय करायचं, हे मी तिन्ही मजल्यांना शिकवतो. लिंकवर क्लिक करायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, मला कळवायचं. मग मी तोच मेल चुकांवर लाल खुणा करून सगळ्यांना पाठवतो. शुद्धलेखनाचं मला वेड आहे, म्हणून ऑफिसात मला मास्तर म्हणतात.

दुकानदारांच्या तक्रारी घेते ती माझी सख्खी मोठी बहीण. घरातली ताई ऑफिसातही सगळ्यांची ताईच झाली. माझ्या सरावाच्या मेलला ती कधी फसली नाही. "तुझा आगाऊपणा पहिल्या ओळीतच कळतो," म्हणायची.

सोमवारी ती नाक मुरडतच माझ्या टेबलाशी आली. "हा कसला रे फालतू मेल? तुझाच ना?"

मेल तिला आला होता, आणि तिच्याच पत्त्यावरून. 'ताई, मि बाहेर उभि आहे. लवकर मला आत घ्या.' खाली निळ्या अक्षरांत 'हो' एवढीच लिंक.

माझा नव्हता. पत्ता तपासला, तो खरा निघाला. मेल तिच्याच कॉम्प्युटरवरून गेला होता, ती जेवायला गेली असताना. कोणीतरी चावटपणा केला असणार असं धरून मी तिचा पासवर्ड बदलला आणि सवयीने सगळ्यांना खुलासा पाठवला. 'मी' आणि 'उभी' दीर्घ. स्वतःला कोणी ताई म्हणत नाही, अहोजाहो तर नाहीच. आमची ताई चष्मा हरवला की स्वतःला 'ए शहाणे' म्हणते. आणि घाई करतो तो हमखास खोटा. लोक हसले. ताईने येऊन सगळ्यांदेखत माझा कान पिळला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल आला.

'ए शहाणे, मी बाहेर उभी आहे. घाई नाही. तुझं आवरलं की आत घे.'

एकही चूक नव्हती. मी दुरुस्त केलेलं सगळं त्यात दुरुस्त झालं होतं. म्हणजे माझे खुलासे मन लावून वाचणारं आणखी कोणीतरी होतं.

मी ते हसण्यावारी न्यायला बघितलं. ताईने नेऊ दिलं नाही.

"बाहेर म्हणजे कुठे बाहेर?" तिने विचारलं.

ऑफिस सुटायच्या वेळी मी तिचा कॉम्प्युटर सर्व्हरच्या खोलीत आणला. या खोलीला खिडकी नाही. लोखंडी दार आहे आणि ते बाहेरून फक्त माझ्या कार्डानेच उघडतं. आत यंत्रांची घरघर आणि हाडांत शिरणारा गारवा. इंटरनेटची वायर मी स्वतः काढून ठेवली होती. ताई स्वेटर गुंडाळून शेजारी बसली होती. तरी स्क्रीनवर मेल उमटला.

'मी दाराशी आहे.'

ताई उठली आणि तिने दार उघडून बघितलं. कोणी नव्हतं. "तोंडावर पाणी मारून येते," ती म्हणाली. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाली, "तू ते बघ आधी."

जरा वेळाने टकटक झाली. "मी आहे रे." स्क्रीनवरची नजर न काढता मी हात लांबवून दार उघडलं. ती येऊन खुर्चीत बसली.

पुन्हा टकटक झाली.

"उघड ना. भलतीच शांतता आहे इथे." ताईचाच आवाज.

मी शेजारी पाहिलं. ताईने माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. पण खोलीच गार होती.

"उघडू नकोस," ती कुजबुजली. "तेच आहे ते."

"कोणाशी बोलतोयस?" बाहेरून प्रश्न आला. "आत कोण आहे?"

मी खूण शोधू लागलो. दोन्हीकडे तोच आवाज, तोच हेल. ओळखायच्या होत्या नव्हत्या तेवढ्या खुणा मीच वाटून बसलो होतो.

"अरे, मला भीती वाटतेय. आत घे."

आत घे. मी दाराकडे नेलेला हात मागे घेतला.

बाहेर ती रडली. आधी माझं नाव घेत होती. मग आईला हाका मारत होती.

मग काहीच ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा बाहेरचा पॅसेज रिकामा होता. फरशीवर पाण्याचे थोडे थेंब पडले होते. मी ताईला हाताला धरून खाली आणलं आणि गाडीत बसवलं. ती वाचली या विचारानेच मला रडू फुटलं. तिने माझी पाठ थोपटली.

सिग्नलपाशी तिने सहज विचारलं, "घरी आत्ता कोण असेल रे?"

"तुझी लेक एकटीच," मी डोळे पुसत म्हणालो. "शाळेतून कधीच आली असेल."

"हो का," ती म्हणाली. "किती वर्षांची आहे ती?"