एव्हिसचं मशीन

थोराने ते मशीन घोंगडीत गुंडाळून आणलं, तेव्हा मी एका इस्त्रीचा खटका बदलत होते. जानेवारीतली दुपार, आमच्याकडचा ऐन उन्हाळा. मून्टा गावाच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माझ्या दुकानाच्या भिंती चुनखडीच्या, हातभर जाड. बाहेर कितीही पेटलेलं असो, आत गारवा असतो.

“एव्हिसचं आहे,” ती म्हणाली. “क्लेमने भंगारात टाकलं होतं. मी उचलून आणलं.”

एव्हिस थोराची धाकटी बहीण. मागच्या हिवाळ्यात धुण्याच्या खोलीत याच मशीनवर पडदे शिवताना शॉक लागून गेली. फरशी ओली, पाय अनवाणी, वायरीवरचं रबर जुनं होऊन तडकलेलं. चौकशीत अपघात ठरला. तिचा नवरा क्लेम रोडा हा धान्याच्या गोदामावरचा मुकादम, बोलायला गोड. दफनाच्या वेळी तो इतका रडला की दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं.

“काय करू याचं?”

“चालू कर, जेनिफर. दुसरं काय करतेस तू?”

मशीन बिडाचं, काळं. सोनेरी वेलबुट्टी हात घासून घासून पुसट झालेली, पाठीला मोटर, सुईच्या वर छोटा दिवा. मी त्यावर हात ठेवला. कोमट लागलं. गाडीत तापलं असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही ते कोमटच होतं.

मी जुनी वायर तोडून टाकली. ती हातात बिस्किटासारखी चुरली. मग मोटर उतरवली, कार्बनचे ब्रश काढले, आतलं काळं वंगण रॉकेलने धुतलं. बुडाचं झाकण उघडलं आणि थांबले. रबर सगळीकडे तडकलेलं होतं, पण एकाच जागी ते तडकलेलं नव्हतं. पातीने सोललेलं होतं. पेन्सिल सोलावी इतकं स्वच्छ. आणि तिथलं उघडं तांबं वाकवून बिडाच्या अंगाला टेकवलेलं होतं.

मी टेस्टर आणायला वळले. हे निव्वळ सवयीने. कारण मशीनला बाहेरची वायरच उरली नव्हती, मोटर वेगळी टेबलावर पडली होती. टेस्टरचं टोक बिडाला लावलं.

टेस्टरमधला दिवा लागला.

मी टेस्टर बदलला. तोही लागला. शेवटी उघडा तळवा ठेवला. काही नाही. नुसती ऊब, झोपलेल्या मांजरासारखी.

संध्याकाळी थोरा आली, तेव्हा तिला सोललेली जागा दाखवली. दिव्याचं काही बोलले नाही.

ती खाली वाकली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“पोलिसांकडे जाऊ या.”

“दोनदा जाऊन आले. ‘बाई, दुःखाने माणसाला काहीबाही सुचतं,’ म्हणाले. आता ही वायर दाखवली तरी काय? कुणी सोलली, कधी सोलली, वायर बोलणार आहे का?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तू हे असंच ठेव. वरून नवी वायर लाव आणि मी त्याला परत देते.”

“अगं, वेड लागलंय का तुला? मी मशीनं दुरुस्त करते, सापळे नाही लावत.”

मला वाटलं, ती भांडेल. पण ती हसली. तिने मशीनच्या मानेवरून हात फिरवला, लहान मुलीचे केस सारखे करावेत तसा.

“बरं. मग नीट दुरुस्त कर. अगदी नीट.”

दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. आतली प्रत्येक वायर बदलली, सांधे जोडले, अर्थिंग दिलं. मीटर लावून तपासलं. कुठेही गळती नाही. फक्त बाहेरची वायर जोडायची राहिली होती.

त्याच दुपारी क्लेम आला. दारातच टोपी काढून कपाळ पुसलं.

“काय गं जेनिफर, अजून लोकांच्या टोस्टरमध्ये बोटं घालतेस का?”

“तू भंगारात मशीनं टाकतोस, म्हणून पोट भरतं माझं.”

तो हसला. डोळे टेबलाकडे गेले आणि हसणं तिथेच राहिलं. “उघडलंस?”

“उघडल्याशिवाय दुरुस्ती कशी होणार?”

“माझी वस्तू आहे ती. थोराला कुणी सांगितलं उचलायला?” तो जवळ आला. “काय दिसलं तुला?”

माझी नजर त्याच्यावरून टेबलाकडे गेली. त्याच्या पाठीमागे, सुईच्या वरचा छोटा दिवा लागला होता.

दिव्यात बल्ब नव्हता. मी तो काढून खिडकीत ठेवला होता.

“क्लेम,” मी म्हणाले, “हात लावू नकोस.”

“माझ्या बायकोचं मशीन,” तो म्हणाला आणि त्याने चाकावर हात टाकला.

त्याचा हात मिटला. दंड ताठ झाला, मान मागे गेली. तोंड उघडं, पण आवाज नाही.

चाक फिरू लागलं. त्याच्या मुठीसकट.

मी लाकडी झाडू त्याच्या मनगटावर हाणला. एकदा. पुन्हा. बोटं सुटेनात.

सुई खालीवर होत राहिली. संथपणे, लांब शिवण घालावी तशी.

मग थांबली.

तो सरळ खाली पडला.

डॉक्टरांनी त्याचा तळवा उलटा करून भाजल्याची खूण पाहिली. “कुठल्या सॉकेटला लावलं होतं?” मी भिंतीकडे बोट दाखवलं. नवी वायर खुंटीला टांगलेली होती, कोरी, कागदी पट्टीत गुंडाळलेली. त्यांनी वायरीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग हृदय बंद पडलं, एवढंच म्हणाले.

दफन झाल्यावर पुढच्या रविवारी थोरा मशीन न्यायला आली.

“बाहेरची वायर जोडायची आहे अजून,” मी म्हणाले.

“राहू दे.”

तिने ते कडेवर घेतलं. मी दारापर्यंत गेले. गाडीत पुढच्या सीटवर क्लेमची आई बसली होती. काळी टोपी, काळे हातमोजे मांडीवर काढून ठेवलेले.

“एकट्याच असतात आता,” थोरा म्हणाली. “म्हटलं, समुद्रावर फिरवून आणावं.”

“बरं केलंस.”

“एव्हिस गेली तेव्हा त्या शेजारच्याच खोलीत होत्या. चौकशीत म्हणाल्या, काही ऐकूच आलं नाही.”

“थोरा, म्हातारं माणूस...”

“कान चांगले आहेत त्यांचे.”

तिने गाडीचं दार उघडलं. म्हातारीने वर पाहिलं. “हे काय आणलंस गं? मागे ठेव ते.”

“मागे जागा नाही, मिसेस रोडा. जरा मांडीवर धरा.”

म्हातारीने मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. थोराने तिचा सीटचा पट्टा लावला, दार हळूच लोटलं.

मागची अख्खी सीट रिकामी होती.