अळ्यांची डबल शिफ्ट

"मेली! अजून एक मेली!"

सोनालीने डबा असा आपटला, की सुरतजवळच्या पलसाण्यातल्या अख्ख्या चाळीला सुतळी बॉम्ब वाटला!

दिवाळीच्या आधी तिने कढीपत्त्यावरच्या फुलपाखरांच्या अळ्या दोन डब्यांत पाळल्या होत्या. पहिल्या डब्यात घरच्या कुंडीतली पानं. त्या अळ्या गुबगुबीत होऊन कोषात गेल्यासुद्धा! दुसऱ्यात कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या भिंतीलगतच्या झाडाची पानं. त्या तांदळाएवढ्याच राहिल्या नि मरू लागल्या.

"खातात तर राक्षसासारख्या!" शेजारचा ललित म्हणाला.

मैत्रीण तेजस्विनीने विज्ञानशिक्षिका आईला विचारून ठेवलं होतं. "अळीच्या अंगात विषाचा निपटारा करणारे कामगार असतात. पानात विष आलं की त्यांना डबल शिफ्ट! सगळी ताकद त्यातच संपते. मग वाढणार कधी?"

डबल शिफ्ट सोनालीला समजावून सांगावी लागली नाही. तिचे पप्पा, निंबाभाऊ, त्याच मिलमधून डबल शिफ्ट करून आले की घास उचलायचंही त्राण नसे.

तिघं भिंतीकडे धावली. झाडाच्या बुंध्याशी मिलचा पाइप, आणि त्यातून जांभळं पाणी! आणि चाळीतल्या बावीस घरांच्या फोडणीत याच झाडाची पानं!

तक्रार ऐकून मिलचे सुपरवायझर छगनभाई हसले. "अरे, एकदम साफ, चोख्खुं पाणी छे! जा, फटाके फोडा!"

"फोडतेच!" सोनालीने दात खाल्ले.

दिवाळीला मिल बंद झाली, ती लाभपाचमीच्या मुहूर्ताला उघडली. पूजेला मिलमालक शेठ आले, चाळ जमली. सोनालीच्या खानदेशी आजीने, धुरपदाबाईंनी, खमण ढोकळा केला होता. वर कढीपत्त्याची फोडणी. छगनभाईंनी चार तुकडे हाणले.

"छगनकाका, पानं तुमच्या पाइपाजवळच्या झाडाची हं!"

फुर्रर्र! पाचवा तुकडा तोंडातून सुटला तो थेट दूरच्या बारडोली गावात पडला, असं ललित सांगतो. थापाड्या कुठला! शेजारच्या कडोदरा गावाच्या पुढे गेलाच नाही.

"पाणी चोख्खं ना? मग थुंकलात का?" सोनाली कडाडली. तिने मेलेल्या अळ्यांचा डबा शेठपुढे धरला. "माझी आजी वर्षभर हीच पानं खातेय!"

निंबाभाऊ मिलच्या दारात वाट अडवून उभे राहिले. "पाइप बंद होईपर्यंत एकही माणूस आत जाणार नाही."

त्यांच्याशेजारी सगळी चाळ उभी राहिली. शेठनी एकदा डब्याकडे, एकदा त्या गर्दीकडे पाहिलं. त्यांच्या हुकमाने छगनभाईंना स्वतःच्या हाताने पाइप बंद करावा लागला!

"शाब्बास, मनी बाय!" आजीने "माझी बाय ती" म्हणत नातीची पाठ थोपटली, आणि हळूच विचारलं, "पण पानं तं कुंडीना व्हतात ना?"

"कुंडीचीच, आजी! विषारी पानं लोकांना खाऊ घालायला मी काय सुपरवायझर आहे?"