तिसऱ्या मजल्यावर एक

मला या इमारतीत सगळे सासूबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण पाठ वळली की सुरू होतं. म्हणोत बापडे. कुठे चाललात, कधी येणार, कार्ड कुठंय, हे विचारायचाच मला पगार मिळतो.

तळमजल्यावर माझी काचेची खोली. समोर स्क्रीन. प्रत्येक मजल्याच्या दाराला आणि खालच्या मुख्य दाराला आत जाताना कार्ड लावायचं, बाहेर पडतानाही लावायचं. कोणत्या मजल्यावर किती माणसं, ते मला इथे बसून दिसतं. आकड्यावर बोट ठेवलं की नावं उघडतात. संध्याकाळी एखाद्या मजल्याचा आकडा शून्य झाला की तिथले दिवे जातात, एसीची हवा बंद होते आणि दाराला आपोआप कुलूप पडतं.

लोक मात्र वेंधळे. गप्पांच्या नादात एकाच्या कार्डावर तिघंजण मजल्याच्या आणि मुख्य दारातूनही बाहेर पडतात. मग उरलेले दोघं, स्क्रीनच्या लेखी, आतच. सकाळी त्यांचं कार्ड चालत नाही. आधीच आत असलेला माणूस पुन्हा आत कसा येणार? मग येतात माझ्या खिडकीशी रडत. "मॅडम, अहो मी तुमच्यासमोर उभा आहे ना!" मी म्हणते, "तुम्ही कुठेही उभे असा. तुम्ही आत आहात." चार शब्द सुनावायचे आणि त्याच्या नावापुढचं 'बाहेर काढा' दाबायचं, झालं काम. डोळे फसतात, स्क्रीन फसत नाही, हे मी येईल त्याला ऐकवायची.

तिसरा मजला रिकामा झाला तेव्हा भाडेकरूंनी टेबलं नेली, खुर्च्या नेल्या, स्वतःचे कॅमेरेसुद्धा उचकटून नेले. त्यांची सगळी कार्डं मी स्वतः रद्द केली. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिथे आकडा दिसला. एक.

बोट ठेवलं, तर नावाची ओळ कोरी.

चौकीदाराला वर पाठवलं. तो येऊन म्हणाला, "चिटपाखरू नाही." मशीनवाल्या कंपनीचा माणूस आला, त्याने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, मान डोलावली आणि चहा पिऊन गेला. तो गेट ओलांडतो न ओलांडतो तोच पुन्हा एक. 'बाहेर काढा' दाबून पाहिलं, पण त्याला नाव लागतं. बिननावाच्याला बाहेर काढायची सोयच नाही.

मग तो मजला रात्रंदिवस उजळलेला राहिला. हवा चालू, दिवे चालू. आमचे व्यवस्थापक रोज माझं डोकं खायचे, "रिकाम्या मजल्यावर कोणाची पूजा बांधलीय तुम्ही?" मी एकदा तावातावाने स्वतः वर गेले. जिन्यातून दार दिसतं, काचेचं. काचेवर धुकं धरलं होतं. आतल्या बाजूने. बंद खोलीत बरीच माणसं बसली की धरतं तसं. मी किल्ली खिशातून काढलीच नाही. खाली आले आणि कोणाला बोलले नाही.

माझा धाकटा भाऊ याच इमारतीत वायरमन. मीच त्याला इथे चिकटवला. आई म्हणाली होती, "तुझ्याजवळ राहील, मला घोर नाही." माझ्यावर हसणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे, आणि तोंडावर सासूबाई म्हणणारा तो एकटाच. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तो म्हणाला, "सासूबाई, तुमच्या त्या पाहुण्याचा एकदा निकाल लावूनच येतो. दारावरच्या कार्ड-रीडरची वायर सुटली असेल, दुसरं काय?"

"नको," मी म्हटलं. "उद्या दिवसाउजेडी बघू."

"घाबरलीस! अगंबाई, फौजदार घाबरला!" वॉकीटॉकी कमरेला अडकवून तो शीळ घालत जिना चढला.

स्क्रीनवर तिसऱ्याचा आकडा दोन झाला. कोऱ्या ओळीखाली त्याचं नाव आलं.

"कोणी नाही गं," वॉकीटॉकीत त्याचा आवाज. "नुसता गालिचा. पण इथे मधे गरम लागतंय. आत्ता कोणी बसून उठल्यासारखं." मग खरखर. मग काहीच नाही.

थोड्या वेळाने आकडा एक झाला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि सवयीने बोट ठेवलं.

कोरी ओळ गेली होती. त्याचं नाव तिथेच होतं.

आणि तो जिना उतरून येत होता. तोच निळा शर्ट, गळ्यात कार्ड.

"काय होतं रे वर?"

"काही नव्हतं," तो म्हणाला आणि माझ्यासमोर खुर्चीत बसला.

"वॉकीटॉकी?"

"राहिला वाटतं वर."

"वेंधळ्या," मी म्हटलं. जरा हायसं वाटलं. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला.

"ताई, दार उघडत नाहीये. कार्ड लागतच नाही. जरा उघड ना."

त्याचा आवाज. थोडा वैतागलेला, थोडा हसरा. मी समोर पाहिलं. खुर्चीतल्याचे ओठ मिटलेले होते. तोही त्या डब्याकडेच बघत होता, डोळे विस्फारून.

"कोण आहे ते?" तो म्हणाला. "ताई, कोण बोलतंय माझ्या आवाजात?"

डोकं चालवायचा प्रयत्न केला. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "आईचं भिंतीवरचं घड्याळ कोणी फोडलं होतं?" हे आमच्या दोघांशिवाय जगात कोणालाही ठाऊक नाही.

"तू फोडलंस," वॉकीटॉकी म्हणाला. "आणि मार मी खाल्ला. हे काय गं आत्ता? उघड ना दार."

"तू फोडलंस," समोरचा म्हणाला. "मार मी खाल्ला."

मी किल्ली घेतली आणि वर धावले. जिन्यात मला माझाच श्वास ऐकू येत होता. दार उघडलं. उबट, कोंदट हवा तोंडावर आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा मजला, लख्ख दिवे, गालिच्यावर टेबलांच्या पायांचे ठसे. खांबामागे पाहिलं. संडास पाहिले. मधोमध त्याचा वॉकीटॉकी पडला होता. बोलण्याचं बटण दाबून धरलं की लागतो तो लाल दिवा त्यावर लागलेला होता.

"आलीस एकदाची," माझ्या हातातून आवाज आला.

"कुठे आहेस तू?"

"म्हणजे? ताई, चेष्टा पुरे. मी तुझ्यासमोर उभा आहे ना."

मी हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. किंचित ऊब, बस.

"ताई, तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

मी पळाले. दार माझ्यामागे धाडकन बंद झालं.

खाली तो मुख्य दाराशी उभा होता. कार्ड लावत होता, लाल दिवा लागत होता. स्क्रीनच्या लेखी जो आत आहे त्याला मुख्य दार सोडत नाही. "मला बाहेर जाऊ दे," तो म्हणाला. "मला इथे थांबवत नाही, ताई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्या गालाला हात लावला. हाडामांसाचा माणूस. दाढीचे खुंट टोचले.

फोन वाजला. आई. "अगं, दोघं कधी येताय? मी केव्हाची खिडकीत उभी आहे. पान वाढून ठेवलंय."

"आलोच," मी म्हटलं.

विचार तरी किती करणार? वर इतके दिवस जे दबा धरून बसलं होतं तेच आता याच्या आवाजात बोलतंय, नाहीतर काय! माझा भाऊ हा. हाताला लागतो तो. पहिल्यांदाच मी स्क्रीनला खोटं ठरवलं. त्याच्या नावावर बोट ठेवलं.

"ताई?" वॉकीटॉकी म्हणाला. "ताई, खाली काय करतेयस? ताई, ते नको दाबू. अगं मी इथे—"

मी 'बाहेर काढा' दाबलं.

तिसऱ्या मजल्याचा आकडा शून्य झाला. हवेची घरघर थांबली. वरून कुलूप पडल्याचा आवाज आला.

वॉकीटॉकीत थोडा वेळ कोणीतरी दारावर हात आपटत होतं. मग तेही थांबलं.

मुख्य दाराचा दिवा हिरवा झाला. तो बाहेर पडला, मी त्याच्यामागून. रस्त्यावर त्याने छाती भरून श्वास घेतला. आमचं घर समोरच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. खिडकीत दिवा होता. आईने आम्हाला पाहिलं आणि हात हलवला.

तोही थांबून तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे जरा झुकून, हळू आवाजात त्याने विचारलं,

"त्या कोण?"