राहनाळ ते गुवाहाटी, आठ तास

"विमानाला तीनच तास लागतात ना मॅडम? मग आता दिलं तर संध्याकाळी गुवाहाटीत!"

राहनाळच्या गोदामात विमानानं जाणाऱ्या मालाचं टेबल धम्मदिनाकडे होतं. तिनं मान वर केली. समोर शेजारच्या गोदामातला नवा सुपरवायझर, रवींद्र. काखेत खोकं, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर असा विश्वास, की विमान जणू गेटवरच उभं आहे!

"तीन तास विमानाचे," ती म्हणाली. "माणकोलीचा ट्रॅफिक कोण धरणार? माल चार तास आधी विमानतळावर द्यावा लागतो, ते? आम्ही नुसती उड्डाणाची वेळ कुणालाच सांगत नाही. उद्या दुपारी पोचेल."

"आणि अंतर?"

"दोन हजार सत्तर किलोमीटर. का, चालत जाताय?"

तो हसला... आणि तिथंच धम्मदिना फसली.

मग तो रोज यायला लागला. आज कोची, उद्या जयपूर! हातात मात्र काहीच नसायचं.

"पार्सल कुठंय?"

"पार्सल न्हाय. तुम्ही आकडे सांगताना छान दिसता, म्हणून आलो."

लाजायचं नाही, असं ती रोज ठरवायची. कान ऐकायचे नाहीत, लाल व्हायचेच.

तीन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. आणि एका दुपारी तो खाली मान घालून आला. बदली झाली होती. थेट गुवाहाटीच्या गोदामावर, दोन वर्षांसाठी.

"मी विचार केलाय, धम्मा... एवढ्या लांबचं टिकत न्हाय. तू माझ्यासाठी थांबू नकोस."

"माझ्या वाट्याचा विचारपण तूच केलास?"

तिचे डोळे भरले होते, पण ते पुसायला तिला सवड नव्हती. तिनं कागद पुढे ओढला.

"गेटपासून विमानतळ, दोन तास. तिथं थांबायचे दोन. विमानाचे तीन. उतरून तुझी खोली, एक. झाले आठ! सकाळी निघाले तर दिवेलागणीला तुझ्या दारात. आठ तासांसाठी मला सोडतोस?"

"तसं न्हाय गं... पण घरी अजून..."

"घरी मी सांगते. चल."

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्या गावची, अंजूरची रिक्षा पकडली.

"निदान उद्या..." रिक्षात तो म्हणाला.

"आज."

रवींद्रची आई, कौसल्याबाई, अंगणात कावळ्यांपासून सुकट राखत बसल्या होत्या. धम्मदिना सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, मी धम्मदिना. मला तुमच्या रवींद्रशी लग्न करायचंय. हा लांब चाललाय म्हणून मला सोडतोय. मी आवडते की नाही, तुम्हीच विचारा."

कौसल्याबाईंनी तिला नीट न्याहाळलं. मग लेकाकडे वळल्या.

"इचारायचं काय? तीन म्हयने जेवताना हिचंच नाव घेतोस. आता का तोंड शिवलंय?"

"आवडते," रवींद्र पुटपुटला.

"मला काय सांगतोस? तिला सांग!"

तो वळला. पहिल्यांदाच त्यानं तिचा हात धरला, भर अंगणात, आईच्या देखत.

"आवडतेस, धम्मा... खूप. थांबशील माझ्यासाठी?"

"मुळीच नाही," ती म्हणाली. "आधी लग्न, मग विमान."