ठाऊक असलं तरी

सोलापूरच्या भूकेंद्रात सकाळचं पहिलं काम चहाचं आणि दुसरं मेल पुसून टाकण्याचं असे. गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या ‘अन्वेष’ तळावर एखादा पंप कुरकुरला, की तिथला माणूस ‘अडचणपटा’वर त्याची नोंद करी. ज्यांनी त्या नोंदीवर लक्ष ठेवायचं कबूल केलं होतं, त्या सगळ्या लक्षधाऱ्यांना लगेच सूचनापत्र जाई. मग कुणी खाली ‘पाहतो’ लिही, त्याचं सूचनापत्र. कुणी ‘ठीक’ लिही, त्याचंही. कुणी पंपाच्या नावातली वेलांटी सुधारली, तर तेही सगळ्यांना समजे. तोवर पंप बहुधा आपला आपणच बरा झालेला असे.

अडचणपटाच्या प्रमुख होत्या वैजयंतीबाई हत्तुरे. पन्नाशी ओलांडलेल्या, तोंडाने फटकळ आणि आतून अतिशय मायाळू. हे आतलं सगळ्या केंद्राला माहीत होतं, फक्त त्यांना स्वतःला ते लपलेलं आहे असं वाटे. एका सकाळी त्यांचा पारा चढला. त्यांनी श्रीलता येमूलला बोलावलं. श्रीलता हुशार संगणक अभियंता होती आणि सांगितलेलं काम शब्दशः करण्याची तिला खोड होती.

“मला जे ठाऊक आहे, ते मला कळवू नका,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “एवढी एक व्यवस्था कर.”

दुसऱ्या कुणी ही चिडचीड समजून सोडून दिली असती. श्रीलता जागेवर जाऊन बसली आणि खरोखर तशी व्यवस्था करायला लागली. तिने जे बनवलं त्याचं नाव ‘अपेक्षागाळणी’.

ती समजावून घ्यायला केंद्राचे संचालक डॉ. दोशी स्वतः आले.

“सर, बातमी म्हणजे काय? जे आपल्याला आधी सांगता आलं नसतं ते,” श्रीलता म्हणाली. “उद्या सूर्य उगवला, ही काही बातमी नाही. नाही उगवला तर आहे. ही गाळणी प्रत्येक सूचनापत्राला एक नवलांक देते. नवलांक शून्याजवळ आला, म्हणजे तुम्ही ते पत्र न वाचताच त्यातला मजकूर सांगितला असता. असं पत्र ती पाठवतच नाही. रोखून ठेवते.”

“पण माणसाला काय ठाऊक आहे, हे यंत्राला कसं ठाऊक?”

“तो अडचणपटावर काय करतो त्यावरून. काय उघडून बघतो, कुठलं काम कुणाच्या नावावर टाकतो, पुढची तयारी कशाची करतो. त्यावरून ज्याचा त्याचा अपेक्षापट तयार होतो. इथल्या माणसांचे अपेक्षापट इथे बनतात आणि वर तळावर जातात, तळावरच्या माणसांचे तिथे बनून इकडे येतात. पत्र सुटण्याआधी त्याच्याशी ताडून पाहिलं जातं.”

“आणि माणूस तोंडाने काय बोलतो ते?”

“ते गाळणी ऐकत नाही, सर.”

“फार बरं,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “माझं बोलणं ऐकायला लागली, तर तिलाच नोकरी सोडावी लागेल.”

गाळणी सुरू झाली आणि भूकेंद्रात शांतता पसरली. वैजयंतीबाईंना दिवसाकाठी जेमतेम दोन-तीन पत्रं येऊ लागली आणि ती सगळी वाचण्यासारखी असत. डॉ. दोशींना मात्र पूर्वीइतकीच येत राहिली. यावरून संचालकांना कशातलं काय ठाऊक होतं, याचा अंदाज सगळ्यांनी मनातल्या मनात बांधला आणि कुणी उघड बोललं नाही.

त्यातच सूर्ययुती आली. गुरू फिरत फिरत सूर्याच्या पलीकडे जातो, पृथ्वीवरून पाहिलं तर दोघं एका रेषेत येतात आणि सूर्याच्या गोंगाटात तळाचे रेडिओ संदेश बुडून जातात. काही आठवडे जवळजवळ अबोला असतो. तळावरून इकडे अगदी बारीक धार येत राहते, आणि इकडून तिकडे फक्त यानांना दिशा देणाऱ्या आज्ञा जातात. या बारीक धारेत श्रीलताची गाळणी फारच उपयोगी पडणार होती. जाता जाता तिने एक सोय केली होती. तळाने रोज एक छोटा गोषवारा पाठवायचा: कोणत्या नोंदीत बदल झाला, त्याचं सूचनापत्र गेलं की रोखलं, आणि का रोखलं. मजकूर नाही, नुसती खूण.

आता मल्लिनाथबद्दल सांगायला हवं. मल्लिनाथ हत्तुरे हे वैजयंतीबाईंचे यजमान. अन्वेष तळावरचे देखभाल अभियंता. युरोपा या चंद्रावरचा बर्फ भोकं पाडून तपासायचं यंत्र त्यांनी वर जाऊन हाताने उभं केलं होतं, आणि ते पुढच्या मुदतीत बर्फावर उतरायचं होतं. मल्लिनाथची स्वतःची मुदत संपत आली होती. परतीच्या यानात बसायचं, की आणखी एक मुदत राहून यंत्राचं काम बघायचं, हे त्यांनी युतीच्या काळात ठरवून अडचणपटावर ‘परतीची जागा’ या खाजगी नोंदीत लिहायचं होतं. त्या नोंदीची लक्षधारी एकच होती, ती म्हणजे पत्नी.

“तो काही येत नाही,” वैजयंतीबाई भेटेल त्याला सांगत. “त्या यंत्राला सोडून येणारा माणूसच नव्हे तो. माझ्या लग्नात सुद्धा मांडवातला पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढला होता.”

तो येत नसेल, तर त्यांनी दुसरा रस्ता शोधला होता. तळाकडे रसदयान निघायचं होतं आणि त्यात अडचणपटाच्या जाणकारासाठी एक जागा होती. वैजयंतीबाईंनी आपलं नाव दिलं. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं. तिकडे पोचायला काही वर्षं लागणार, पण पोचल्यावर दोघं एकत्र असणार होते. अडचण एकच होती. मल्लिनाथ परत निघाला असला आणि या इकडून गेल्या, तर दोन यानं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून जाणार. तो सोलापुरात उतरणार आणि या गुरूपाशी. परत वळायची सोय कुठल्याच यानात नव्हती.

दोन्ही यानांच्या याद्या युती संपायच्या आत कायम व्हायच्या होत्या. वैजयंतीबाईंनी अखेरचा होकार किंवा नकार द्यायचा तो दिवस उजाडला. त्या दिवशी सकाळी श्रीलता गोषवारा घेऊन त्यांच्या टेबलाशी आली आणि नुसतीच उभी राहिली.

“काय झालं? तोंड का पाडलंस?”

“मॅडम, ‘परतीची जागा’ या नोंदीत बदल झालाय. सरांनी ठरवलंय.”

“काय ठरवलंय?”

“ते कळत नाही. तुमचं सूचनापत्र गाळणीने रोखलं. कारण लिहिलंय, प्राप्तकर्त्याला आधीच ठाऊक.”

वैजयंतीबाईंनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“मग झालं तर,” त्या म्हणाल्या. “मला काय ठाऊक आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तो राहतोय.”

“मॅडम, मी वरून पत्र सोडवून घेतलं असतं, पण आज्ञा पाठवायला वाटच नाही. मार्गदर्शनाच्या आज्ञांशिवाय काही वर जात नाही.”

“अगं, तू कशाला रडायलीस? तुझ्या गाळणीने सांगितलंय ते सरळ आहे. जे मला अपेक्षित होतं तेच त्याने केलं. मी जाते त्याच्याकडे. एवढंच ना?”

पण त्यांचा हात होकाराच्या पानावर थांबला होता. खरं तर त्यांना त्या क्षणी मल्लिनाथचा अतिशय राग आला होता. येत नाही, येत नाही म्हणून त्यांनीच गावभर सांगितलं होतं, पण त्याने ते खोटं पाडावं अशी त्यांची फार इच्छा होती. आता या वयात, गुडघे कुरकुरत असताना, आपणच सामान बांधून निघायचं. जायलाही त्यांची ना नव्हती. फक्त एकदा त्याने ‘ये’ म्हणायला हवं होतं.

श्रीलता आपल्या जागेवर परतली, पण तिचं मन लागेना. गाळणी तिने स्वतः लिहिली होती. तोंडाने बोललेलं ती ऐकत नाही, हे तिने स्वतः संचालकांना सांगितलं होतं. मग वैजयंतीबाईंनी गावाला जे सांगितलं, ते गाळणीला कुठून ठाऊक असणार? युतीआधी वर गेलेल्या अपेक्षापटाची प्रत इथेच होती. तिने ती उघडली आणि ‘परतीची जागा’ या नोंदीपाशी आली. मग उठून जवळजवळ पळतच गेली.

“मॅडम, होकार दिला का?”

“देतेच आहे. का गं?”

“थांबा. गाळणीच्या मते तुमची अपेक्षा उलटी आहे. सर परत येणार, असं तुम्ही धरून चाललाय.”

“काहीतरीच. मी कधी म्हटलं?”

“म्हटलं नाही. केलंय.” श्रीलताने पडदा त्यांच्याकडे वळवला. “ही बघा. पुढच्या वर्षीची भूकेंद्राची कामं. मोठ्या अँटेनाच्या मोटारी बदलायच्या, जबाबदार: मल्लिनाथ हत्तुरे. गच्चीवरचं शीतयंत्र, जबाबदार: मल्लिनाथ हत्तुरे. नवीन मुलांना देखभाल शिकवायची, तेही सर. प्रत्येक नोंद तुम्ही केलीय. युती लागायच्या आधी कितीतरी महिने करत आलाय.”

वैजयंतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. कान लाल झाले त्यांचे.

“ती कामं दुसऱ्या कुणाला जमायची नाहीत, म्हणून,” त्या पुटपुटल्या.

“आणि प्रत्येक नोंदीवर तुम्ही ‘संबंधिताला कळवू नका’ ही खूण केलीय. म्हणून सरांना एकही पत्र गेलं नाही.”

“मग काय करू? त्याच्या पायात बेडी घालू? त्याने स्वतःच्या मनाने ठरवावं, असं वाटत होतं मला.” त्यांनी पुन्हा चष्मा काढून पुसला, आणि या वेळी तो ओला होता. “वेडी आहे मी. घरातलं त्याचं कपाट मी अजून कुणाला वापरू देत नाही. येत नाही म्हणायचं, म्हणजे नाही आला तर कमी लागतं. एवढंच गं त्या बोलण्यात.”

“मग गाळणी काय सांगतेय, मॅडम?”

वैजयंतीबाईंनी ते शब्द एकेक करून जुळवले, श्रीलता विचारत होती म्हणून नव्हे, तर ते उच्चारायची त्यांना भीती वाटत होती म्हणून.

“माझ्या अपेक्षेप्रमाणेच त्याने ठरवलंय. आणि माझी अपेक्षा, तो येणार.”

त्यांनी होकाराचं पान मिटलं, नकाराचं उघडलं आणि त्यावर आपलं नाव लिहिलं. एका रोखलेल्या पत्राच्या भरवशावर पुढची सगळी वर्षं पणाला लावायची होती. रसदयानात त्यांच्या जागी हैदराबादचा एक जाणकार गेला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्यांनाच माहीत. गुरू सूर्याच्या आडून बाहेर आला, श्रीलताने पत्रं सोडवायची आज्ञा वर पाठवली आणि रोखलेल्या पत्रांचा ढीग एकदम खाली उतरला. त्यात ‘परतीची जागा’ होती. मल्लिनाथने एकच ओळ लिहिली होती: ‘येतोय. यंत्र इथल्या पोरांना शिकवलंय.’ वैजयंतीबाई ती ओळ वाचून डोळे पुसत हसल्या आणि दोशींसकट सगळ्यांसाठी जिलेबी आणवली.

दुपारी त्यांना आठवलं, की आपण रसदयानाला नकार दिल्याचं मल्लिनाथला अजून कळलेलंच नाही. आपलं नाव यादीत होतं, एवढंच शेवटचं त्याच्या कानावर गेलं होतं. बिचारा येतोय म्हणून लिहून बसला, आणि आपण निघून गेलो की काय या घोरात युतीभर जळत असेल. त्या लगबगीने नकाराच्या नोंदीवर गेल्या आणि ‘संबंधिताला कळवा’ दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं: सूचनापत्र रोखले आहे. कारण: प्राप्तकर्त्याला आधीच ठाऊक.

श्रीलताने पाहिलं आणि तळावरून नुकताच उतरलेला मल्लिनाथचा अपेक्षापट उघडला. युतीच्या त्या अबोल्यात, वैजयंतीबाईंनी नकारावर नाव लिहायच्या कितीतरी आधी, त्याने तळावरच्या कामांतली रसदयानातून येणाऱ्या अडचणपट-जाणकाराला द्यायची सगळी कामं ‘नवीन माणूस’ या नावावर टाकली होती. वैजयंतीच्या नावावर एकही नव्हतं. तो घोरात नव्हता. ती निघणार नाही, हे तो धरूनच चालला होता.

“बघ, म्हणजे याला ठाऊक होतं,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “मग जळत कोण होतं? मी एकटीच. येऊ दे त्याला, चांगली खबर घेते.” बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता.

“मॅडम, पत्र तसंच रोखून ठेवू?”

“नको. पाठव.”

“त्यात नवीन काहीच नाही पण.”

“नसू दे. आणि माझी व्यवस्थाही बदल. बाकी सगळ्यांचं होतं तसंच राहू दे, मला जे ठाऊक आहे ते मला नको. मल्लिनाथकडून मात्र सगळं येऊ दे. पंप कुरकुरला, ठीक, पाहतो, येतोय, जेवलो, सगळं.”

“ठाऊक असलेलं पण?”

“ठाऊक असलेलं आधी,” वैजयंतीबाई म्हणाल्या आणि आपल्या मेलचं पान उघडून बसल्या.